नंबर

अजिंठ्याला राहणाऱ्या माणसाला पाहुण्यांची वाण पडत नाही. एरवी वर्ष वर्ष विचारपूस न करणारे आप्त थंडी सुरू झाली की आमच्या प्रकृतीची चौकशी करू लागतात, आणि चौकशीच्या तिसऱ्या वाक्यात "लेणी बघायची राहिलीच आहेत हो अजून," हे येतेच. लेणी आमच्या परसात आहेत अशी त्यांची समजूत असते. वास्तविक गाव घाटाच्या वर आणि लेणी घाटाखाली. मधे दहा-बारा किलोमीटरांचे अंतर. घाट उतरून फर्दापूरच्या तिठ्यावर जायचे, तिथे आपली गाडी सोडायची आणि महामंडळाच्या बसने वाघूर नदीच्या खोऱ्यात शिरायचे. हे मी इतक्या वेळा केले आहे की घरची मंडळी म्हणतात, एक नंबरच्या लेण्यातला पद्मपाणी आता तुम्हांला ओळख दाखवत असेल.

गेल्या हिवाळ्यात आले ते माझे एक ज्येष्ठ स्नेही. मराठीचे निवृत्त शिक्षक, आणि भाषाशुद्धीचे कडवे व्रतस्थ. टेबलाला ते मेज म्हणतात. मेज हा शब्दही बाहेरूनच आलेला आहे, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही. स्नेह टिकवायचा असतो. लेण्यांच्या पायऱ्या चढून गेल्यावर त्यांनी तिथल्या पहारेकऱ्याला विचारले, "लेणे क्रमांक सतरा कोणत्या बाजूस येईल?"

पहारेकरी क्षणभर गोंधळला. मग त्याचा चेहरा उजळला. "सतरा नंबर का? सरळ जा. सोळा नंबरच्या पुढं."

स्नेह्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू त्या माणसाला मीच शिकवले होते. तसे असणे अगदीच अशक्य नव्हते, म्हणून मी नदीकडे पाहू लागलो.

सतरा नंबरच्या पुढे गर्दी होती. आत चित्रे आहेत. श्वासाने, घामाने, दिव्याने त्यांना इजा होते, म्हणून माणसे थोडी थोडी सोडतात. दारावरचा माणूस म्हणाला, "जरा थांबा. आतली मंडळी बाहेर येऊ द्या, मग तुमचा नंबर."

"पाहिलंत मास्तर?" स्नेही म्हणाले. "क्रमांक हा केवढा सुटसुटीत शब्द! सावरकरांनी दिला, सरकारने घेतला, छापखान्यांनी घेतला. आणि ह्या माणसाच्या तोंडी मात्र नंबर."

मी म्हटले, "अहो, पण क्रमांक येत नाही. नंबर येतो. 'आता तुमचा क्रमांक आला, आत जा,' असे कोणी म्हणते का?"

"मग पाळी म्हणावं. चांगला जुना शब्द आहे."

मी काही बोललो नाही. आमच्या पुढे कुठल्याशा महाविद्यालयातल्या वीस-पंचवीस मुली उभ्या होत्या. त्यांच्याकडे एकदा पाहून स्नेह्यांनीच घसा खाकरला. पाळी ह्या शब्दाचे असे झाले आहे खरे. एके काळी दळणाची, पाण्याची, पहाऱ्याची, कशाचीही पाळी येत असे. पुढे बायकांनी एक गोष्ट न बोलता बोलण्यासाठी तो शब्द आडोशाला नेला, आणि तो तिकडचाच होऊन राहिला. 'माझी पाळी कधी येणार?' हे वाक्य आज दवाखान्यात चारचौघांत मोठ्याने म्हणायला माणूस दोनदा विचार करील. रिकाम्या झालेल्या त्या जागेवर नंबर येऊन बसला. कोणी त्याला बोलावले नाही, कोणत्याही समितीने ठराव केला नाही. भाषेला जी अडचण पडली ती त्याने भागवली, एवढेच त्याचे भांडवल.

उभे राहून पाय दुखू लागले तसा मी त्या शब्दाच्या मागे लागलो. मला रिकामपणी हा छंद आहे.

माझ्या आजीला अक्षर येत नव्हते, पण हा एक इंग्रजी शब्द येत होता. ती त्याला लंबर म्हणे. गावच्या नळाला पाणी यायचे तेही पहाटे, आणि यायचे की नाही ते देवाच्या आणि डिझेलच्या हाती. बायका रात्रीच हंडे, घागरी नेऊन ओळीने लावून ठेवीत. एकदा का हंडा ओळीत ठेवला की तो हंडा म्हणजे आजी. ती घरी निजलेली असली तरी तिथे तिचा लंबर उभा असे, आणि तो लंबर ओलांडण्याची कोणाची छाती नव्हती. हंडा चोरीला जाईल, पण लंबर जाणार नाही, असा तो काळ होता. कोणी मधे घुसले तर आजी हंड्यावर हात ठेवून एवढेच म्हणे, "बाई, लंबरानं." पुढे तिच्या वयाच्या एकेक बाया जाऊ लागल्या. तिरडी उठली की आजी उंबऱ्यात बसून म्हणायची, "आता माझा लंबर." त्यात ना भीती, ना हौस, नळावर म्हणे तशीच. एका पहाटे तिचा नंबर लागला. तिच्याहून थोरल्या दोघी गल्लीत अजून होत्या. उभ्या जन्मात तिने रांग मोडली ती तेवढी एकदाच.

वडिलांचा नंबर निराळा होता. "खालच्या नंबरात कापूस, वरच्या नंबरात मका," असे ते म्हणत. शेताला शेत म्हणण्याऐवजी मोजणीत जो सर्व्हे नंबर पडला त्यावरून नुसते नंबरच म्हणत. मला पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत नंबर म्हणजे काळी जमीन असेच वाटे. नंबरात जायचे, नंबरात भाकरी नेऊन द्यायची, नंबरात साप निघाला. पुढे एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, तरी बोलण्यातला नंबर उरला. आणि ज्या कागदापायी भाऊ भावाचे तोंड पाहत नाही त्या कागदाचे नाव तरी काय? सातबारा. गाव नमुना नंबर सात आणि गाव नमुना नंबर बारा. मालकी सातात आणि पीक बारात. दोन नंबर शेजारी शेजारी बसवले की शेतकऱ्याच्या जिवाचे नाव होते. उत्तरेकडे तर गावचा सारा ज्याच्या नावे भरला जाई त्या असामीला लंबरदार म्हणत. इंग्रजी नंबराला फारसी शेपूट लावून त्यांनी त्याला पागोटे बांधले. माझ्या आजीचा उच्चार अगदीच एकाकी नव्हता तर!

बाकीच्या नंबरांची कोण मोजदाद करणार? चपलेचा नंबर, सुताचा नंबर, गाडीचा नंबर. चाळिशी गाठली तशी चष्म्याला नंबर लागला, आणि पुढच्याच वर्षी तो वाढला. आयुष्यात न मागता वाढलेला माझा एवढाच नंबर. पोरे करंगळी दाखवतात ती एका नंबरासाठी आणि दोन बोटे दाखवतात ती दुसऱ्या नंबरासाठी, आणि तीच पोरे मोठी होऊन व्यापारात पडली की दोन नंबरचा पैसा करतात. त्या दोन नंबरांत मला फारसा फरक दिसत नाही. 'एक नंबर'ची गंमत त्याहून मोठी. वांग्याची भाजी एक नंबर झाली म्हणजे बोटे चाटावीत, आणि एखादा एक नंबरचा चोर आहे म्हणजे खिसा सांभाळावा. मधे 'चा' आला की सगळे उलटते. व्याकरणाच्या पुस्तकात हे कुठे सांगितलेले मला आढळले नाही.

"चला, सतरा नंबरवाले!" दारावरून हाक आली. स्नेही मुकाट्याने पुढे झाले.

आत आम्ही वेळ दिला तेवढा थांबलो. डाव्याउजव्या भिंती जातकांनी भरलेल्या आहेत: सगळे देऊन टाकणारा विश्वंतर, सहा सुळ्यांचा हत्ती, सिंहलाची भली मोठी कथा. गाभाऱ्याच्या अलीकडे एक आई आपल्या मुलाला पुढे करून उभी आहे. समोर भिक्षापात्र घेतलेला प्रचंड बुद्ध. मुलगा राहुल आणि आई यशोधरा असे सांगतात. पोर बापापाशी वारसा मागते आहे. ते चित्र मी कितीदा पाहिले असेल, पण त्या पोराच्या वर केलेल्या तोंडावरून माझी नजर लवकर निघत नाही.

बाहेर आल्यावर स्नेह्यांना मी ओसरीबाहेरचा कोरीव लेख दाखवला. हे लेणे वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकात, त्याच्या एका मांडलिकाने कोरवले. लेखात त्याच्या घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नावे आहेत. मिराशींनी तो वाचून छापला आहे. गंमत अशी की दगड नेमका नको तिथे झिजला. ज्याने लेणे कोरवले त्याचे स्वतःचे नाव गेले. त्याचा धाकटा भाऊ अकाली वारला, त्या भावाचे नाव मात्र राहिले: रविसांब. शेजारच्या सोळाव्याचा दाता हरिषेणाचा मंत्री वराहदेव, त्याचे नाव शाबूत आहे. सव्विसाव्यात बुद्धभद्र भिक्षूचे आहे. दहाव्याच्या दर्शनी भागावर वासिठिपुत कटहादि ह्याने हे 'घरमुख' दान दिले, असे ब्राह्मीत कोरले आहे. दोन हजार वर्षे झाली त्या अक्षरांना. एवढे सगळे नाव ठेवून गेले, पण विचारा कोणालाही. वराहदेवाचे लेणे कोणते म्हणाल तर माणूस तुमच्या तोंडाकडे बघेल. सोळा नंबर म्हणा, बोट करील.

ह्या नंबरांना जन्माला येऊन दोनशे वर्षेही झालेली नाहीत. १८१९ च्या एप्रिलात जॉन स्मिथ नावाचा मद्रासच्या फौजेतला अंमलदार शिकारीला म्हणून ह्या रानात आला आणि त्याला लेणी दिसली. इथल्या लोकांना ती ठाऊक होतीच. स्मिथसाहेबाने दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपले नाव आणि तारीख खरडून ठेवली. तेव्हा आत दगडमातीचा ढीग साचलेला होता, साहेब त्यावर उभा होता. ढीग उपसल्यावर त्याचे नाव आज माणसाच्या डोक्याच्या वर गेले आहे. पुढे जे अभ्यासक आले त्यांनी नदीच्या वळणाबरोबर घोड्याच्या नालासारख्या वाकलेल्या कड्यात एका टोकाकडून मोजायला सुरुवात केली. वाट जिथे लागते तो एक नंबर. वयाचा संबंध नाही. नववे आणि दहावे ही सर्वांत जुनी, ख्रिस्तापूर्वीची. पहिले लेणे त्यांच्या मागाहून पाच-सहाशे वर्षांनी झालेले. नळावर थोरल्या बाईचा हंडा नवव्या जागी लागावा तसे हे. युनेस्कोने १९८३ साली अजिंठ्याला जागतिक वारशात घेतले तेव्हाही नंबर दिलाच: दोनशे बेचाळीस. वेरूळ दोनशे त्रेचाळीस. २०२३ मध्ये आमच्या जिल्ह्याचे नाव बदलून छत्रपती संभाजीनगर झाले, तरी गाड्यांवरचा वीस नंबर होता तो राहिला.

"पण एकोणतीस नंबर कुठं आहे हो?" स्नेह्यांनी विचारले. बोलता बोलता त्यांच्या तोंडून नंबर गेला होता. मी ते त्यांच्या ध्यानात आणून दिले नाही.

"वीस आणि एकवीस यांच्या मधे, वर उंचावर."

"असं का बरं?"

तेव्हा मी त्यांना मोठ्या ऐटीत समजावून सांगितले. ओळीने नंबर पडून गेले, पुस्तकांत छापले गेले; मग मधेच कुठे एखादे लेणे ध्यानात आले तर काय करायचे? त्याला एकवीस म्हटले तर एकविसाव्याचे बावीस करावे लागेल, बाविसाव्याचे तेवीस. सगळ्यांचे नंबर ढकलावे लागतील. म्हणून त्याला शेवटचा नंबर दिला आणि जागा त्याची त्याला ठेवली. पंधरा आणि सोळा यांच्या मधे एक चिमुकले लेणे आहे, ते पहिल्या मोजणीत निसटले होते. त्याचा नंबर पंधरा-अ. उशिरा आलेल्याला आत घेतले, पण आधीच्या कोणाचा नंबर हलवला नाही. "किती साधी गोष्ट!" मी म्हटले. "पण कोणी तरी विचार केला म्हणूनच ना?"

हे बोलताना माझ्या मनात दुसरे काही नव्हते. ही ऐट मला तासाभरातच महाग पडायची होती.

बसने आम्ही परत तिठ्यावर आलो. तिथे दुकानांची ओळ आहे: दगडात पिकलेले स्फटिक, माळा, चित्रांची कार्डे, बुद्धाचे मुखवटे. पाहुणा उतरला की दुकानदार त्याला गाठतात, आणि जाताना नाही घेतले तर येताना घ्यावे म्हणून आपला दुकान नंबर त्याच्या मनावर ठसवतात. "साहेब, नंबर ध्यानात ठेवा." दुसरा म्हणतो, "ह्याच्या पुढचा नंबर, साहेब." तिथे कोणी नाव सांगत नाही. देशोदेशीच्या माणसांना आपले नाव कसे लक्षात राहील? आकडा राहतो. सकाळी एका दुकानदाराने स्नेह्यांना असाच नंबर सांगितला होता, आणि ते मला एकसारखे विचारत होते, "तो कोणता नंबर म्हणाला हो?"

इतक्यात एका दुकानातून तिशी ओलांडलेला एक माणूस लगबगीने बाहेर आला आणि माझ्या पाया पडला.

"सर, ओळखलंत? मी सतरा नंबर."

मी हसून म्हटले, "सतरा नंबर आत्ताच पाहून आलो."

तोही हसला, पण थांबला नाही. "पाचवीतला, सर. तुमच्या वर्गातला सतरा नंबर."

मी "अरे, हो हो!" म्हटले. शिक्षकाला हे म्हणावेच लागते. पंचवीस वर्षांत किती पाचव्या गेल्या माझ्या हाताखालून! स्नेह्यांना त्याने स्टुलावर बसवले, चहा सांगितला, आणि एक जांभळा स्फटिक पुसून त्यांच्या हातात दिला. मी त्याच्या चेहऱ्यातले पोर शोधीत राहिलो.

इथे मला स्वतःविषयी थोडे सांगितले पाहिजे. मी कादंबऱ्या लिहितो. पात्राचे नाव ठरवायला मला पंधरा-पंधरा दिवस लागतात. नाव चुकले तर माणूस उभा राहत नाही, असे मी सभांतून सांगत आलो आहे. आणि वर्गात? वर्गात मी पंचवीस वर्षे हजेरी नंबराने घेतली. एक, हजर, दोन, हजर, तीन, हजर. नावांनी घेतली तर पाच मिनिटे जातात, नंबराने दीड मिनिटात होते. वाचलेली साडेतीन मिनिटे मी अध्यापनात घालवतो असे पर्यवेक्षकांना सांगत असे.

चहा आला. तो म्हणाला, "सर, एक काम होतं शाळेत. पोरीचं जातीचं सर्टिफिकेट काढायचंय. बापाचा दाखला मागतात."

"ये की. काढून देऊ."

"निघेल का पण? मी पाचवी पुरी नाही केली."

"का रे?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग जे सांगितले ते अगदी सहज. गिऱ्हाईकाला दगड कुठल्या खाणीतला ते सांगावे तसे.

त्याचे आईबाप ऊसतोडीला जात. दसरा झाला की टोळी निघे, पोरेही बरोबर जात. त्या वर्षीही तो गेला. इकडे मी नोकरीत नवा, हस्ताक्षराचा मला अभिमान. दिवाळीच्या सुटीत बसून मी दुसऱ्या सत्राचा हजेरीपट नव्याने लिहून काढला होता. ऊसतोडीला गेलेली सात नावे वगळली आणि नंबर ओळीने लावून टाकले. मधे खाडे दिसू नयेत, पट स्वच्छ दिसावा, एवढाच हेतू. अठ्ठेचाळीसची एक्केचाळीस झाली. पट खरोखर देखणा झाला होता. मुख्याध्यापकांनी तो इतर शिक्षकांना दाखवल्याचे मला पक्के आठवते. बाकीचे मला आठवत नव्हते. ते त्याने सांगितले.

शिमगा होऊन गेला, सकाळची शाळा सुरू झाली. कारखान्याचा पट्टा पडला तसा तो परत आला आणि आपल्या जागेवर येऊन बसला. मी हजेरी सुरू केली. "सतरा," मी म्हटले, आणि दोन आवाज आले. "हजर." वर्ग हसला. मी पुन्हा म्हटले, "सतरा." पुन्हा दोन आवाज.

"तुम्ही म्हणालात, 'तुझा नंबर गेला. बस खाली, मग बघू.' मग दोन-तीन दिवस मी बसलो. तुम्ही सगळ्यांचे नंबर घ्यायचे, मी वाट बघायचो. शेवटी एक्केचाळीस आला की मिटायची वही." तो हसला. "म्हटलं, आपला नंबरच नाही तर बसायचं कशाला? तसं बापालाही हाताखाली माणूस पाहिजेच होतं, सर. तुमच्यामुळं नाही."

स्नेही हातातला स्फटिक उजेडात धरून पाहत होते. तो खाली ठेवायचे त्यांना सुचेना. मी चहा पीत राहिलो. त्या पोराच्या मागे तेव्हा जो मुलगा सतरा झाला होता तोही माझ्या डोळ्यांपुढे येईना. पंधरा-अ आणि एकोणतीस मात्र स्वच्छ दिसत होते.

"सोमवारी ये," मी म्हटले. "सोमवारी लेणी बंद असतात, तुझाही धंदा नसेल."

"हां, सोमवारच बरा."

आता नाव विचारणे भाग होते. जुन्या रजिस्टरात शोधायचे तर वर्ष आणि नाव पाहिजे. "पूर्ण नाव सांग एकदा," मी म्हटले, "आडनावासकट. लिहून घेतो." माझ्या आवाजात मी शक्य तितका कचेरीपणा आणला. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले, आणि स्वतःचे, बापाचे, आडनाव, तिन्ही सावकाश, शब्द सुटा करून सांगितले. मी बसच्या तिकिटाच्या पाठीवर लिहून घेतले.

गाडीत बसल्यावर बराच वेळ आम्ही दोघेही बोललो नाही. घाट चढून वर आल्यावर स्नेही म्हणाले, "दगडाचे पैसे त्याने घेतले नाहीत." मग थोड्या वेळाने, "दुकानाचा नंबर तेवढा पाहून ठेवायला हवा होता." मी पाहिला होता.

सोमवारी तो आला. इस्त्रीचा सदरा, भांग पाडलेला. माझ्याआधी येऊन कचेरीच्या दारात उभा होता. कारकुनाने कपाटावरून जनरल रजिस्टर काढले. कापडी बांधणीचे ते मोठे पुस्तक उघडले की जुन्या कागदाचा आणि झुरळांच्या गोळ्यांचा वास येतो. ज्या दिवशी पोर शाळेत पाऊल टाकते त्या दिवशी त्यात एक ओळ होते: रजिस्टर नंबर, नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी व अक्षरी, दाखल तारीख. ओळ सापडली. शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याची तारीख आणि कारण होते. त्या वर्षी कारकुनाची जागा रिकामी होती, म्हणून ते काम आम्ही शिक्षकच करीत होतो. अक्षर माझे होते. वळणदार, पेन न उचलता लिहिलेले: 'सतत गैरहजर.'

कारकुनाने दाखल्याचा कोरा कागद घेतला. "कारण रजिस्टरला आहे तेच लिहू ना, सर? बदलता येत नाही."

मी गप्प राहिलेला पाहून तोच म्हणाला, "लिहा की. नियमाने जे असेल ते लिहा."

कारकून लिहू लागला. तो टेबलापाशी वाकून त्या ओळीवरून बोट फिरवीत होता. नावावर त्याचे बोट थांबले, जन्मतारखेवर थांबले, मग मागे येऊन पहिल्या रकान्यावर थांबले.

"हा कशाचा नंबर, सर?"

"रजिस्टर नंबर. तुझा."

"मी गेल्यावर कोणाला दिला का हा?"

"नाही. हा दुसऱ्या कोणाला देत नाहीत."

"शाळा सोडली तरी?"

"तरी."

दाखल्यावर तो नंबर येणारच होता. कारकून तोच रकाना भरीत होता. तरी त्याने टेबलावरचे दुसरे पेन उचलले, रजिस्टरात एकदा पाहिले, पुन्हा एकदा पाहिले, आणि चारही आकडे डाव्या तळहातावर लिहून घेतले.

"पोरीला दाखवतो," तो म्हणाला.